भाकर, प्याला आणि गंगाळ

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्ताने यरुशलेमेतील एका घराच्या माडीवर आपल्या बारा शिष्यांसह जे भोजन केले, त्याचा वृत्तांत मत्तय, मार्क आणि लूक या तिघा शुभवर्तमानकारांनी दिला आहे, आणि त्यांच्याही आधी पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो आलेला आहे. त्याने भाकर मोडून दिली, प्याला सर्वांना दिला आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत राहण्यास सांगितले, हा त्या वृत्तांताचा गाभा होय. चौथा शुभवर्तमानकार योहान याने मात्र त्या एका रात्रीच्या वर्णनास पाच अध्याय खर्च करूनही भाकर आणि प्याला यांविषयी त्या ठिकाणी एक अक्षर लिहिलेले नाही. जेथे वाचक तो प्रसंग येईल म्हणून वाट पाहतो, तेथे योहान सांगतो की गुरू भोजनावरून उठला, त्याने अंगावरची वस्त्रे काढून ठेवली, कमरेस रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन तो त्या रुमालाने पुसू लागला.

धुळीच्या वाटेने आलेल्या पाहुण्यास पाय धुण्यासाठी पाणी देणे हा त्या देशात यजमानाचा धर्म होता, परंतु खाली बसून प्रत्यक्ष पाय धुणे हे दासाचे काम समजले जाई. तेव्हा गुरूनेच ते करावे हे शिष्यांना असह्य झाले असल्यास नवल नाही, आणि शिमोन पेत्राने तर स्पष्ट नकारच दिला. या नकाराकडे पुष्कळदा केवळ संकोच म्हणून पाहिले जाते. मला त्यात त्याहून खोल काही दिसते. गुरूची सेवा करण्यास, प्रसंगी त्याच्यासाठी प्राण देण्यासही पेत्र सिद्ध होता. गुरूकडून सेवा करून घेण्यास मात्र त्याचे मन धजत नव्हते. त्यावर येशूने जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की हे धुणे नाकारशील तर माझ्याबरोबर तुला वाटा उरणार नाही. आणि सर्वांचे पाय धुऊन पुन्हा आपल्या जागी बसल्यावर, शिष्यांनी एकमेकांच्या बाबतीत हेच करावे अशी त्याने आज्ञा केली. गुरूला धरून देणारा यहूदा इस्कार्योत त्या वेळी अजून उठून गेला नव्हता, आणि त्याचेही पाय धुतले गेले, हे योहानाच्या कथनक्रमावरून उघड होते.

ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासात भाकर आणि प्याला यांना जे अढळ स्थान मिळाले ते गंगाळाला कधी मिळाले नाही. कोठे ते लवकरच नाहीसे झाले, कोठे मठात राहिले, कोठे राजवाड्यात गेले, आणि फारच थोड्या ठिकाणी भोजनाच्या मेजापाशी परत आले. प्रभुभोजनातील सहभागितेचा अर्थ त्या त्या काळच्या मंडळीने कितपत ओळखला होता, हे तिच्या सिद्धान्तग्रंथांवरून जितके कळते त्याहून अधिक या गंगाळाच्या प्रवासावरून कळते, असे माझे मत आहे.

इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ या बंदराच्या, व्यापाराच्या शहरात प्रभुभोजन म्हणजे खरोखरीचे जेवण होते आणि ते एखाद्या सधन सभासदाच्या घरी होत असे. ज्यांना दिवसभर काम नव्हते ते आधी येऊन खाऊनपिऊन तृप्त होत, आणि ज्यांची सुटका मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती ते मजूर आणि दास उशिरा येऊन उपाशी राहत. पौलाचा संताप त्या पत्रात अनावर झाला आहे. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असा त्याचा निर्वाळा आहे. शंभरेक वर्षांनंतर, इ. स. १५० च्या सुमारास, रोममध्ये राहणाऱ्या जस्टिनने ख्रिस्ती लोकांच्या बचावासाठी सम्राटास उद्देशून जी कैफियत लिहिली, तीत रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. तेथे पोटभर जेवण उरलेले नाही, भाकरीचा तुकडा आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस एवढेच आहे, पण जे हजर राहू शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन त्यांच्या घरी पोहोचवितात, आणि जमलेल्या वर्गणीतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले यांचा परामर्श घेतला जातो. सेवा होती, गंगाळाचा मात्र त्या वर्णनात उल्लेख नाही.

पुढील शतकांत पाय धुण्याचा विधी दिसतो तो निरनिराळ्या मुलखांत निरनिराळ्या रीतीने. स्पेनमधील एल्विरा येथे चौथ्या शतकाच्या आरंभी भरलेल्या धर्मसभेने, बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे पाय धर्मगुरूंनी धुऊ नयेत असे ठरविले; उलट मिलानचा बिशप अँब्रोझ याने, रोममध्ये असा रिवाज नाही हे पूर्ण ठाऊक असताना, आपल्या मंडळीतील हा रिवाज सोडण्यास नकार दिला. बिशप ऑगस्टिनच्या एका पत्रावरून दिसते, की लोकांनी त्याची बाप्तिस्म्याशी गल्लत करू नये म्हणून काही ठिकाणी तो बंदही करण्यात आला. या सर्व घालमेलीत मला सर्वांत लक्षणीय वाटतो तो ६९४ साली टोलेडो येथे भरलेल्या सतराव्या धर्मसभेचा हुकूम. काही बिशपांनी पवित्र गुरुवारी, म्हणजे त्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणदिवशी, पाय धुणे सोडून दिले होते. सभेने तिसऱ्या कलमान्वये ते सक्तीचे केले, आणि जो बिशप चुकेल त्याला दोन महिने प्रभुभोजनास मुकावे लागेल अशी शिक्षा मुक्रर केली. दंड, पदच्युती, कैद असे अनेक मार्ग मोकळे असताना नेमकी हीच शिक्षा निवडणाऱ्यांना भाकर आणि गंगाळ यांचे नाते नीट उमगले होते. जो पाय धुणार नाही त्याला मेजावर जागा नाही, हा न्याय त्यांनी प्रजेला न लावता बिशपांना लावला, याचे मला फार अप्रूप वाटते.

विधी म्हणून नव्हे तर रोजच्या व्यवहाराचा भाग म्हणून हे काम टिकविले ते मठांनी. सहाव्या शतकात बेनेडिक्टने इटलीत आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली रचली, तिच्या पस्तिसाव्या अध्यायात मुदपाकखान्याची व्यवस्था आहे. स्वयंपाकाची पाळी आठवड्याची असून आजारपण किंवा तितकेच महत्त्वाचे दुसरे काम असल्याशिवाय कोणाची तीतून सुटका नाही. शनिवारी ज्याची पाळी संपते त्याने सर्व स्वच्छता करावयाची, ज्या पंच्यांनी बंधूंनी हातपाय पुसले ते पंचे धुवावयाचे, भांडी कोठीच्या अधिकाऱ्याकडे साफ आणि शाबूत मोजून परत करावयाची, आणि ज्याची पाळी सुरू होणार त्याच्याबरोबर मिळून सर्वांचे पाय धुवावयाचे. भांड्यांचा हिशोब आणि पाय धुणे ही दोन्ही एकाच दमात सांगणाऱ्या त्या नियमकाराविषयी मला नितांत आदर वाटतो, कारण त्याने नम्रतेला उत्सवात न ठेवता पाळीपत्रकात बसविले. आज जो धुतो त्याचे पाय पुढल्या शनिवारी दुसरा धुणार, यात कोणाचा मोठेपणा सिद्ध होण्यास जागाच राहत नाही. त्रेपन्नाव्या अध्यायात पाहुण्यांविषयी नियम आहेत. मठाधिपतीने त्यांच्या हातांवर पाणी घालावे आणि त्याने व सर्व बंधूंनी मिळून त्यांचे पाय धुवावेत, असे तेथे सांगितले असून गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घेण्याची ताकीद आहे. श्रीमंतांचा दरारा आपोआपच त्यांना मान मिळवून देतो, हे निरीक्षणही तेथेच आहे.

कालांतराने मठांत या प्रथेच्या दोन शाखा झाल्या. बंधूंनी एकमेकांचे पाय धुणे ही एक, आणि दाराशी आलेल्या गरिबांचे पाय धुऊन त्यांना अन्न व पैसे देणे ही दुसरी. दुसरीत पुण्य उघड दिसत असल्यामुळे तिचा विस्तार झाला, आणि राजेलोकांनी उचलली तीही दुसरीच. इंग्लंडचा राजा जॉन याने १२१० साली यॉर्कशायरमधील नेअर्सबरो येथे गरिबांना कपडे व अन्न वाटल्याची आणि १२१३ साली रॉचेस्टर येथे तेरा गरिबांना प्रत्येकी तेरा पेनी दिल्याची नोंद दप्तरात सापडते. पुढे गरिबांची संख्या राजाच्या वयाइतकी ठेवण्याचा दस्तूर पडला. पहिली एलिझाबेथ राणी एकोणचाळीस वर्षांची असताना ग्रिनिचच्या राजवाड्यात एकोणचाळीस गरीब स्त्रिया बाकांवर बसविल्या गेल्या, त्याचे तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे. प्रथम धोबीखान्याच्या माणसाने चांदीच्या पात्रातील फुले घातलेल्या कोमट पाण्याने सर्वांचे पाय धुतले, बोटांच्या किंचित वर क्रुसाची खूण केली आणि चुंबन घेतले. काही वेळाने दानाध्यक्षाच्या दुय्यमाने तेच केले, मग खुद्द दानाध्यक्षाने. आणि पाय असे तीनदा स्वच्छ झाल्यावर राणी आली, गाद्यागालिच्यांवर गुडघे टेकून तिने प्रत्येकीचा एकेक पाय धुतला, आणि नंतर कापड, जोडे, मासळी, भाकरी, द्राक्षारस आणि पैसे यांचे वाटप झाले. राणीच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. परंतु त्या एकोणचाळीस जणींपैकी कोणी राणीसमवेत जेवावयास बसली नाही, आणि तिचे पाय धुण्याची आज्ञा कोणास झाली नाही. गंगाळ चांदीचे झाले आणि मेजापासून पार तुटले. दुसऱ्या जेम्सनंतर इंग्लंडच्या राजांनी पाय धुणेही सोडले, आणि आज पवित्र गुरुवारी तेथे नाण्यांच्या पिशव्या तेवढ्या वाटल्या जातात. व्हिएन्नाच्या होफबुर्ग राजवाड्यात सम्राट फ्रान्झ जोसेफ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बारा वृद्धांचे पाय दरबारी इतमामाने धूत असे.

ल्यूथर, कॅल्विन इत्यादी सुधारकांनी सोळाव्या शतकात, धर्मगुरूंपुरताच उरलेला प्याला सामान्य उपासकांच्या हाती परत दिला, ही मोठीच गोष्ट झाली. गंगाळाकडे मात्र त्यांनी लक्ष दिले नाही. ते उचलले राज्यसत्तेने छळलेल्या लहान पंथांनी. नेदरलंड्समधील मेनोनाईट लोकांनी १६३२ साली डॉर्ड्रेख्त येथे आपला विश्वासनामा संमत केला, त्याचे अकरावे कलम केवळ पाय धुण्याविषयी आहे. १७०८ साली जर्मनीतील श्वार्त्सेनाउ या खेड्यात एडर नदीच्या पात्रात पाच पुरुष आणि तीन स्त्रिया अशा आठ जणांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा पुढारी अलेक्झांडर माक हा धंद्याने गिरणीवाला. या आठांपासून ब्रदरन मंडळी निघाली, ती छळामुळे अमेरिकेत गेली, आणि १७२३ च्या नाताळच्या दिवशी पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे तिने तेथील पहिले प्रेमभोजन केले. करिंथमध्ये बिघडलेले आणि जस्टिनच्या काळापर्यंत गळालेले पूर्ण जेवण या लोकांनी पुन्हा मांडले, आणि पाय धुणे, सामायिक भोजन, भाकर व प्याला ही तिन्ही एका संध्याकाळी, एकाच मेजापाशी, याच क्रमाने आणली.

त्या संध्याकाळची तयारी आधीपासून चाले. डीकन घरोघर जाऊन प्रत्येक सभासदास विचारीत, की विश्वासात आहात ना, आणि मंडळीतील सर्वांशी तुमचा सलोखा आहे ना; शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल किंवा देणेघेणे थकले असेल तर ते मिटविल्याशिवाय मेजावर येणे प्रशस्त मानले जात नसे. मग लांब मेजांशी एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस स्त्रिया बसत, जोडे आणि मोजे काढीत, आणि गंगाळ रांगेतून पुढे सरकू लागे. शेजारी बसलेला कोण असेल हे आधी ठरलेले नसे. मालकाशेजारी त्याचा गडी येई, वडिलाशेजारी काल बाप्तिस्मा घेतलेला पोरगा येई. ज्याने पाय धुतले त्याचे हात धरून, पवित्र चुंबन देऊन, त्याला आशीर्वचन देण्यात येई. नंतर रश्शात कुस्करलेली भाकरी एकाच थाळ्यातून चौघे चौघे खात, आणि शेवटी प्रभूची भाकर मोडली जाई. एकोणिसाव्या शतकात या साध्या लोकांत मोठा वाद माजला तो हा, की एकाने धुवावे व दुसऱ्याने पुसावे आणि अशा जोडीने अनेकांचे पाय धुवावेत, की प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचे स्वतःच धुवावे आणि स्वतःच पुसावे. बाहेरच्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. मला तो वाटत नाही, कारण पहिल्या रीतीत दोघे चौघे सेवक ठरतात आणि बाकीचे सेव्य राहतात, तर दुसऱ्या रीतीत मेजावरील एकही माणूस धुतल्यावाचून किंवा धुऊन घेतल्यावाचून सुटत नाही. हळूहळू बहुतेक ठिकाणी दुसरी रीत रूढ झाली, हे योग्यच झाले. तथापि याच मंडळीच्या वार्षिक सभेने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असाही निर्णय दिला होता, की कृष्णवर्णीय सभासदांचा स्वीकार करावा, परंतु ज्या गोऱ्या बंधूंना त्यांचे चुंबन घेणे जड जाते त्यांचा दुबळेपणा या कृष्णवर्णीयांनी तूर्त सोसावा. सोसण्याचा भार नेहमीप्रमाणे ज्याच्यावर पडावयाचा त्याच्यावरच पडला.

भारतात हा प्रश्न प्रथम प्याल्यावरून पेटला. तंजावरास जर्मन मिशनरी श्वार्त्स याच्या शिष्यमंडळीत वेल्लाळ या वरच्या जातीचे आणि दलित ख्रिस्ती एकाच देवळात वेगळे बसत आणि प्रभुभोजनास वेगळे येत. मराठा राजा दुसरा सर्फोजी याचा श्वार्त्सवर पित्यावर असावा तसा लोभ होता आणि त्याचे संगमरवरी स्मारक राजाने इंग्लंडमधून करवून घेतले, पण जातीच्या या पंक्तीला श्वार्त्सने जोराने हात घातला नव्हता. १८३३ साली कलकत्त्याचा बिशप डॅनिएल विल्सन याने फर्मान काढले, की जातिभेद मंडळीतून तत्काळ आणि कायमचा गेला पाहिजे. त्यावर पुष्कळ कुटुंबे देऊळ सोडून गेली. ज्या तमिळ कवीने जुन्या रीतीची बाजू घेऊन नव्या मिशनऱ्यांशी आधीच वाद घातला होता, त्या वेदनायगम शास्त्रींना मिशनने काढून टाकल्यावर सर्फोजीनेच आपल्या दरबारी आश्रय दिला होता. जे देऊळ सोडून गेले त्यांची भाकरीवर श्रद्धा नव्हती असे मी म्हणणार नाही. आपल्या आधी कोणाच्या ओठांना प्याला लागला एवढेच त्यांना सोसवले नाही.

मराठी मुलखात त्याच सुमारास, १८३३ साली, अहमदनगरास अमेरिकन मिशनची मंडळी स्थापन झाली. तिच्यात महार सभासद होते, आणि १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती व त्यांचे बंधू या ब्राह्मणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याच मेजापाशी त्यांना यावे लागले. मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींच्या धाकट्या भावाचे, श्रीपतीचे, प्रकरण गाजले. त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता, न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले होते, तरी तो मिशनच्या घरी राहून जेवला या एका कारणावरून त्याला जातीत घेण्यास कडवा विरोध झाला आणि प्रायश्चित्त देऊन घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. सिद्धान्ताहून पंगत मोठी आहे, हे त्या वेळच्या मुंबईने बिनचूक ओळखले होते.

ब्रदरन मंडळीचे विल्बर आणि मेरी स्टोव्हर हे दांपत्य आणि बर्था रायन १८९४ साली हिंदुस्थानात आले व पुढल्या वर्षी वलसाडला राहिले. तेथून त्यांचे काम गुजरातेत पसरले आणि दक्षिणेकडे डहाणू, पालघर, वाडा या मराठी भागात आले. गंगाळ त्यांच्याबरोबर आले. आपल्याकडे पाय धुणे अपरिचित नव्हते. पूजेच्या उपचारांत पाद्य आहे, लग्नात वधूपिता वराचे पाय धुतो, आणि युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम श्रीकृष्णाने पत्करले, हे महाभारत वाचणारास ठाऊक आहे. परंतु या सर्वांत पाण्याची दिशा ठरलेली असते. ज्याला मान द्यावयाचा त्याच्या पायांवर ते पडते, आणि आपले पाय परत कोणी धुवावेत ही अपेक्षा नसते. ती दिशा मोडणारी एक रीत मात्र मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे आहे. वारीत भेटलेले दोन वारकरी, वय आणि जात न विचारता, एकमेकांच्या पाया पडतात. तुकोबांच्या वाणीवर वाढलेल्या आणि ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करल्यावरही तिला न विसरलेल्या नारायण वामन टिळकांनी १९१७ साली बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोहोंसाठी ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला, त्यामागे ही सहभागितेचीच तळमळ होती. ब्रदरनांचे सांगायचे तर, १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तीत भारतातील ब्रदरनही सामील झाले.

कॅथॉलिक परंपरेत बदल सावकाश झाला. शतकानुशतके पाय धुण्याचा विधी मिस्साच्या बाहेर, बहुधा कॅथेड्रल व मठांपुरता होता. पोप बाराव्या पायसने १९५५ साली पवित्र सप्ताहाच्या विधींची पुनर्रचना केली, तेव्हा तो पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सामध्ये, शुभवर्तमानवाचन व प्रवचन यांनंतर करण्याची मुभा गावोगावच्या देवळांना मिळाली, आणि भाकर व गंगाळ पुन्हा एका छपराखाली आली. नियमानुसार पाय मात्र पुरुषांचेच धुवावयाचे होते. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील अल्पवयीन बंदिवानांच्या तुरुंगात केला आणि बाराजणांत दोन मुली होत्या. जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आदेशाने स्त्रियांना मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी रोमजवळच्या निर्वासितांच्या केंद्रात त्यांनी ज्यांचे पाय धुतले त्यांत कॅथॉलिक होते, इरिट्रियाच्या कॉप्टिक स्त्रिया होत्या, तीन मुसलमान होते आणि भारतातून आलेला एक हिंदू होता. एलिझाबेथच्या ग्रिनिचपासून हे फार दूर आहे, आणि त्या वृद्ध गुरूने गुडघ्यांचे दुखणे सोसून ते केले याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही त्या संध्याकाळी धुणारा एकच होता. धर्मगुरूने लोकांचे पाय धुवावेत असे विधिपुस्तक सांगते. लोकांपैकी कोणी धर्मगुरूचे धुवावेत अशी तरतूद त्यात नाही, आणि बाकावर बसलेल्या बारांनी आपसांत ते करावे अशीही नाही. १९५५ आणि २०१६ यांमध्ये साठाहून अधिक वर्षे गेली. पुढच्या तरतुदीस किती लागतील ते सांगता येत नाही, पण ती व्हावी, आणि वसईच्या एखाद्या देवळात गावच्या फादरांनीही बाराजणांशेजारी बसून आपले जोडे काढावेत, असे मला मनापासून वाटते.